हात कुणाचा?

मध्य रेल्वेवर मुंबईचं क्रिकेट बदलापूरला संपतं. मुंबई क्रिकेट असोसिएशनची हद्द तिथवरच. पुढे नेरळ-कर्जतचा मुलगा रायगड जिल्ह्याचा, म्हणजे महाराष्ट्राच्या संघाच्या वाट्याचा. बदलापूरचा मुलगा मात्र मुंबईचा. ज्या संघाने रणजी करंडक ४२ वेळा जिंकला, त्या संघाच्या दारात उभं राहण्याचा हक्क त्याला आहे. पण त्या दारापर्यंत ६८ किलोमीटर रूळ आहेत. क्लबांच्या पावसाळी कांगा लीगचे सामने वर्षानुवर्षं रविवारी होत आले आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकही रविवारीच असतो.

असा एक मुलगा बदलापुरात आहे. वय सतरा, बारावीला, उजव्या हाताने जलद टाकतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात टेनिस बॉलवर त्याचं नाव झालंय. पावसाळ्याच्या तोंडावर कांगा लीगच्या ‘एफ’ गटातल्या एका क्लबाने त्याला बोलावलं आणि दोन माणसांचं वाजलं. एक त्याचा मामा. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेला आणि उमेदीची सगळी वर्षं गावच्या टीमकडून टेनिस बॉल खेळलेला. दुसरे त्याचे सर. उल्हासनगरला मॅटिंगवर नेट लावतात. स्वतः कांगाच्या खालच्या गटांत बरीच वर्षं खेळले, वर गेले नाहीत. दोघांना मी ओळखतो आणि दोघंही पोराच्या भल्याचंच बोलतात. म्हणून तर हा वाद ऐकण्यासारखा आहे. वेगवेगळ्या वेळी झालेलं बोलणं इथे सलग मांडतो.

मामा : सर, परवा पोरगा पहाटेच्या अंधारात किट घेऊन निघाला. ब्लॉक सुरू व्हायच्या आत पोचायला पाहिजे म्हणून. रात्री परत आला. विचारलं, किती टाकलीस? म्हणाला, तीन ओव्हर. मग पाऊस आला. तीन ओव्हरसाठी अख्खा दिवस, डबा, आणि लगेजच्या डब्यात उभं राहून प्रवास. हेच पोरगं जानेवारीत आमच्या मैदानावर दिवसाला चार मॅच खेळलं. रोख बक्षीस आणलं. आईच्या हातात दिलं. गावात फलकावर फोटो लागला. तुमच्या कांगाने काय दिलं?

सर : ओली विकेट दिली, मामा. ती मला इथे उल्हासनगरात देता येत नाही. मॅटवर चेंडू एकसारखा उठतो. मातीवर, त्यातही पावसाच्या मातीवर, तो थांबतो, अडतो, कधी घोट्यापाशी राहतो. कांगा लीग १९४८ साली सुरू झाली ती त्यासाठीच. आपले फलंदाज परदेशात ओल्या विकेटवर चाचपडायचे, म्हणून भर पावसाळ्यात खेळायचं ठरलं. पण शिकतो गोलंदाजसुद्धा. नुसत्या वेगाने काही होत नाही, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळलं. त्या तीन ओव्हरमध्ये त्याने मला सांगण्यासारखं एक शोधलं : चेंडू पुढे टाकला की शिवणीवर पडून जातो, आपटला की मरतो.

मामा : ते कळायला आझाद मैदान कशाला?

सर : कारण सीझन बॉल तिथे खेळतात. आणि निवडणारी माणसं तिथे बघतात.

मामा : बघतात? प्रवीण तांबेला किती वर्षं बघत होते? कांगा खेळला, ऑफिसकडून टाइम्स शील्ड खेळला, आधी मध्यमगती टाकायचा तो लेगस्पिन टाकायला लागला. मुंबईच्या रणजी संघाने त्याला घेतलं नाही. २०१३ साली राजस्थान रॉयल्सने आयपीएलमध्ये उतरवला तेव्हा वय ४१. त्यानंतर मुंबईला जाग आली. सर, चाळीस वर्षं थांबायची ताकद एखाद्यातच असते. माझ्या बहिणीचं घर तेवढं थांबू शकत नाही.

सर : तांब्यांचं नाव घेता, मग कल्याणच्या पोराचंही घ्या. तुषार देशपांडे. लहान वयात शिवाजी पार्क जिमखान्यावर निवडीला गेला. फलंदाजांची रांग लांबलचक, गोलंदाजांची छोटी. परतीची गाडी गाठायची होती, म्हणून छोट्या रांगेत उभा राहिला. तिथे मुंबईचे जुने फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर होते. त्यांनी पाहिलं. २०१६ ला मुंबईकडून रणजी, २०२३ ला चेन्नईकडून एका आयपीएलमध्ये २१ बळी, २०२४ ला हरारेत भारताची टोपी. आणि त्याच २०२४ च्या फेब्रुवारीत बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन १२३ धावा. तनुष कोटियन दहावा, त्याचंही शतक. १९४६ साली ओव्हलवर सरवटे आणि शुटे बॅनर्जींनी तसं केलं होतं, त्यानंतर हेच. कल्याण म्हणजे आपल्या उल्हासनगरच्या अलीकडे दोन स्टेशनं, मामा.

मामा : आणि ज्या शिवलकरांनी पाहिलं म्हणता, त्यांचं काय? प्रथम श्रेणीत ५८९ बळी. एक कसोटी नाही. भारताच्या संघात त्या जागी बेदी होते म्हणून नाही. पोराला हे पण सांगा की.

इथे सर गप्प झाले. शिवलकर मार्च २०२५ मध्ये गेले. त्यांचं नाव निघालं की मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या माणसाचा आवाज उतरतो, हे मी अनेकदा पाहिलंय. मामाचा मुद्दा खराच आहे. गुणवत्ता असली की दार उघडतंच, असं मुलांना सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. दार उघडतं ते कुणीतरी आतून बाजूला झालं म्हणून, दुखावलं म्हणून, कधी पावसाने मॅच वाचली म्हणून.

सरांनी मग विषय बदलला नाही, रस्ता बदलला.

सर : मामा, रिंकू सिंग माहीत आहे?

मामा : तो कुस्तीतला? केस मोकळे सोडून, कपाळाला भस्म लावून यायचा. वीर महान.

सर : तोच. कुस्तीच्या आधी तो बेसबॉलचा पिचर होता. उत्तर प्रदेशातल्या खेड्यातला मुलगा, लखनौच्या क्रीडा महाविद्यालयात भाला फेकायचा. २००८ साली एका अमेरिकन माणसाने भारतात स्पर्धा लावली : कोण जास्त जोरात आणि नेमका चेंडू फेकतो. हजारो पोरं आली. त्या अमेरिकनाला वाटलं होतं, क्रिकेटचे गोलंदाज जिंकतील. जिंकला रिंकू, आणि त्याच्याबरोबर दिनेश पटेल. दोघेही भालाफेकपटू. आपला गोलंदाज कोपर सरळ ठेवून टाकतो. १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होताना दिसलं की आपल्याकडे शंका घेतात. पिचर मात्र कोपर वाकवूनच फेकतो. भाल्याची सवय तिथे कामाला आली. रिंकूचा चेंडू ताशी १४० किलोमीटरच्या आसपास गेला. दोघांना अमेरिकेत नेलं, काही महिने शिकवलं, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला. त्याआधी त्यांनी बेसबॉल खेळलेलाच नव्हता.

मामा : बघा! पावसाळे नाहीत, रांगा नाहीत. वेग दिसला, उचलला.

सर : उचलला, आणि तळाला ठेवला. तेच सांगतोय. तिकडे मोठ्या लीगचे ३० संघ. प्रत्येकाखाली चार-चार पायऱ्यांचे संघ, मिळून १२०. त्याच्याही खाली नवख्यांच्या लीग. रिंकू तिथून सुरू झाला. ४ जुलै २००९ ला फ्लोरिडात पहिल्यांदा मैदानात उतरला. दिनेशला २०१० च्या अखेरीस सोडून दिलं. तो घरी आला आणि शिकायला लागला. रिंकूने बरीच वर्षं काढली, पण दुखापतींनी मोसमच्या मोसम खाल्ले आणि मोठ्या लीगपर्यंत तो पोचला नाही. वेग सगळ्यांत आधी दिसतो, मामा. तो टिकवायला लागतात ती वर्षं कुणी चुकवू शकत नाही.

मामा : मग हेच माझं म्हणणं आहे. एवढं करूनही नाही पोचला. मग तळातली वर्षं वाया घालवायची कशाला?

सर : वाया? त्या तळात त्याचा प्रत्येक चेंडू मोजला गेला.

मला या वादातली ही सगळ्यांत महत्त्वाची जागा वाटते. तोवर दोघं पैशाबद्दल आणि नशिबाबद्दल बोलत होते. आता पोराच्या शरीराबद्दल बोलायला लागले.

मामा : मोजून काय होतं?

सर : बेसबॉलवाल्यांनी फार हात मोडलेले पाहिलेत. १९७४ साली टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपराचं लिगामेंट फाटलं. डॉक्टर फ्रँक जोब यांनी दुसरीकडची स्नायूदोरी काढून तिथे बसवली. तोवर अशी दुखापत म्हणजे कारकीर्द संपली. जॉन १९७६ ला परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. आज त्या शस्त्रक्रियेलाच त्याचं नाव आहे, आणि शाळकरी पोरांवर ती करावी लागते. म्हणून २०१४ मध्ये तिकडच्या मोठ्या लीगने मुलांसाठी आकडे ठरवून दिले. १७-१८ वर्षांच्या पोराने एका दिवसात फार तर १०५ चेंडू फेकायचे, आणि ८० च्या वर गेला तर चार दिवस हात विश्रांतीला. आपल्याकडे कोपर नाही, पाठ जाते. पुढचा पाय आपटतो तेव्हा वजनाच्या पाच-सहापट, कधी त्याहून जास्त धक्का बसतो आणि तो कमरेच्या मणक्यात जातो. सतराव्या वर्षी ते हाड पिकलेलं नसतं. बारीक तडा जातो, पोराला वाटतं उसण भरली, आई तेल लावून शेकते, आणि तो पुढच्या रविवारी पुन्हा टाकतो. बुमराहचा मणका २०१९ ला दुखावला, २०२२ ला पुन्हा, २०२३ मध्ये न्यूझीलंडला जाऊन ऑपरेशन करून घ्यावं लागलं. त्याच्यामागे अख्खं बोर्ड उभं होतं. आपल्या पोरामागे कोण? जानेवारीत चार मॅच म्हणालात. किती चेंडू झाले?

मामा : मॅचला दोन-दोन ओव्हर. चार मॅच म्हणजे अठ्ठेचाळीस. तेवढ्याने काय होतंय? आमच्या वेळेला आम्ही दिवसभर टाकायचो.

सर : मॅचमधले अठ्ठेचाळीस. मधल्या वेळेत? कोपऱ्यात उभं राहून टाकलेले? नाइट टुर्नामेंट असली तर रात्री एक वाजता थंड अंगाने टाकलेले? आणि टेनिस बॉल हलका. त्याला वेग द्यायचा तर खांदा झटकावा लागतो, प्रत्येक चेंडू यॉर्कर, प्रत्येक चेंडू जीव तोडून. दुसऱ्या दिवशी हा माझ्याकडे नेटला येतो आणि सांगत नाही. कॉलेजच्या टीमकडून वेगळं खेळतो, तेही सांगत नाही. तुमचे चेंडू तुम्हाला माहीत, माझे मला, कॉलेजचे कॉलेजला. बेरीज कुणाकडेच नाही.

मामा : सर, आता मी बोलतो. तुमच्या कांगात काय होतं ते मला पोराने सांगितलंय. कॅप्टनला विकेट मिळायला लागली की एकच पोरगा एका टोकाने टाकत राहतो. चिखलात, घसरत्या रनअपवर. बारा ओव्हर, पंधरा ओव्हर. तिथे कोण मोजतंय? क्लबला गुण पाहिजेत, खाली घसरायचं नाही. आमच्याकडे निदान दोन ओव्हर झाल्या की चेंडू दुसऱ्याच्या हातात जातो.

सर : हे खरं आहे. मी स्वतः तसा टाकलाय आणि अभिमानाने टाकलाय.

मामा : आणि अमेरिकेत मोजतात ते प्रेमापोटी नव्हे. त्यांनी पैसा लावलाय हातावर. हात त्यांचा आहे, म्हणून जपतात. इथे पोराच्या हातावर पैसा कुणी लावलाय? बुटाचे स्पाइक्स मी घेतले. पास त्याचा बाप काढतो. क्लबाने काय दिलं? एक टी-शर्ट. मग त्या हातावर पहिला हक्क कुणाचा? ज्या गावाने त्याला बक्षीस दिलं, त्या गावाचा का नाही?

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. मी मामाच्या बाजूने इतकं सांगीन की तिकडेही तळातल्या पोरांना फार काळ कुणी विचारलं नाही. करार करून घ्यायचे, हात वापरायचे आणि मोसम संपला की मानधन बंद. २०२३ मध्ये त्या खेळाडूंच्या संघटनेने पहिला करार करून घेतला तेव्हा सर्वांत खालच्या पायरीचं वर्षाचं किमान मानधन १९,८०० डॉलर झालं. त्याआधी ते पाच हजारांच्याही आत होतं. चेंडू मोजणारी व्यवस्था पोट मोजत नव्हती. आपल्याकडे २० पर्यंत सामने खेळलेल्या रणजीपटूला दिवसाला ४० हजार मिळतात, पण त्याच्या कितीतरी पायऱ्या खाली, जिथे हा मुलगा उभा आहे, तिथे काहीच नाही. पूर्वी निदान टाइम्स शील्ड खेळणाऱ्याला कंपन्या नोकरी द्यायच्या. मुंबईचं क्रिकेट त्या नोकऱ्यांवर उभं होतं, हे आज फार कुणी बोलत नाही. गिरण्या गेल्या, कंपन्यांच्या टीम आटल्या, आणि ती जागा टेनिस बॉलच्या रोख बक्षिसांनी घेतली. गाव पोराला पैसे देतं यात कमीपणा मुळीच नाही. कमीपणा असलाच तर एवढ्या श्रीमंत खेळाने तळाच्या पोराला लोकलचा पाससुद्धा देऊ नये, यात आहे.

सर : मामा, हात ना तुमचा, ना माझा, ना क्लबाचा. पोराचा आहे. पण सतराव्या वर्षी त्याला ते कळत नाही. त्याला कुणीही चेंडू दिला तर तो टाकणार. नाही म्हणायला त्याला जमत नाही, म्हणून आपल्यातल्या कुणीतरी म्हणायचं.

मामा : मग टेनिस बॉल सोड म्हणायचं? आता ते पण मोठं झालंय. २०२४ ला ठाण्यात दादोजी कोंडदेवला टेनिस बॉलची आयएसपीएल लीग झाली. पुढच्या वर्षी माझी मुंबई जिंकली. टीव्हीवर टेनिस बॉल! आमच्या जन्मात वाटलं नव्हतं. आणि नटराजन? तमिळनाडूच्या खेड्यात विशीपर्यंत टेनिस बॉलच टाकत होता. २०२०-२१ च्या एकाच ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तिन्ही प्रकारांत भारताकडून खेळला. यॉर्कर कुठे शिकला तो?

सर : टेनिस बॉलवर. मान्य. पण रणजीत आल्यावर त्याच्या ॲक्शनवर शंका घेतली गेली, सगळी बदलावी लागली, त्यात वर्ष गेलं. सोड म्हणत नाही मी. तुम्ही त्याला जे दिलंत ते माझ्याकडे नाही. शेवटच्या ओव्हरला सहा धावा हव्या असताना पाच हजार माणसांसमोर धावत यायचं, हे मी नेटमध्ये कसं शिकवू? कांगाच्या ‘एफ’ गटात प्रेक्षक म्हणजे आपल्याच टीमचे बाद झालेले फलंदाज.

मामा : हे तुम्ही पहिल्यांदा बोललात.

सर : कारण तुम्ही पहिल्यांदा चेंडू मोजलेत. अठ्ठेचाळीस.

त्यानंतर त्यांचं बोलणं व्यवहारावर आलं आणि मला ते जास्त आवडलं. सरांचं म्हणणं, एक वही करायची. नेट, मॅच, कॉलेज, गाव, सगळे चेंडू एकाच वहीत, आणि वही मामाकडे, कारण पोरगा मामाशी खोटं बोलत नाही. मामांचं म्हणणं, वही ठेवतो, पण सरांनी क्लबाच्या कॅप्टनला फोन करायचा की एका स्पेलमध्ये सहा-सातच्या वर ओव्हर द्यायच्या नाहीत. सर म्हणाले, नवख्या पोराच्या सरांचं कोण ऐकतं? मामा म्हणाले, मग तुमची इतकी वर्षं कांगात गेली ती कशासाठी, एक कॅप्टन ओळखीचा नाही?

बारावीचा विषय निघाला. तिथे दोघंही एका बाजूला झाले आणि पोराची आई, जी इतका वेळ आत होती, ती बाहेर येऊन म्हणाली की फेब्रुवारीत परीक्षा आहे, आणि त्या महिन्यात कुणाचीच वही चालणार नाही. यावर दोघांपैकी एकानेही वाद घातला नाही.

जानेवारीच्या गावच्या टुर्नामेंटचं मात्र राहिलंच होतं.

सर : तुमचा आग्रह असेल तर खेळू दे. दिवसाला एक मॅच.

मामा : एका मॅचला कुणी टीममध्ये घेत नाही, सर. फायनलला पोचायचं तर चार लागतात. मी सांगतो, तीन. पहिली दुबळ्या टीमशी असते, तिला बसवतो.

सर : दोन. आणि रात्री दहानंतर चेंडू हातात नाही.

मामा : फायनलच दहाला सुरू होते!

सर : मग उपांत्यला बसवा आणि फायनलला आणा.

मामा : उपांत्य हरलो तर?

सर : तर पोरगा घरी जाऊन झोपेल.

मामांनी यावर हो म्हटलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की टुर्नामेंटला सरांनी स्वतः बदलापूरला यावं, मैदानावर त्यांच्या शेजारी बसावं आणि मग सांगावं कुठली मॅच सोडायची ते. सर येतो म्हणाले. तोवर जुलै-ऑगस्टचे रविवार आहेत. पुढच्या रविवारचा ब्लॉक माटुंगा-मुलुंडच्या मधला, धीम्या मार्गावरचा असेल तर सकाळची जलद गाडी मिळेल, हे मामांनीच मोबाइलवर बघून ठेवलं होतं.